झाड काढायचंय

गल्लीत त्यांना झाडवाले म्हणत. लग्नाचे फोटो काढतो तो फोटोवाला, ओळखपत्राचे काढतो तो स्टुडिओवाला, आणि हे गृहस्थ नुसत्या झाडांचे, टेकड्यांचे, तळ्यांचे फोटो काढून, मोठाले छापून विकत, म्हणून झाडवाले. नावात चेष्टा होतीच. ज्या फोटोत आपण नाही त्याला कुणी पैसे का मोजावेत, हे लोकांना आजवर समजलेलं नाही. स्वतःचं तोंड दिसलं की माणसाचा हात खिशात जातो. झाड दिसलं की वाटतं, हे तर रस्त्यावर फुकट उभं आहे.

त्यांच्या प्रदर्शनात लोक काय बोलतात ते एकदा कानाने ऐकावं. "फ्रेम छान आहे, कुठं केली?" हा पहिला प्रश्न. मग एखादा म्हणतो, "अहो, अगदी असाच माझ्या मोबाइलवर आलाय, थांबा दाखवतो." तो डोंगर सापडेपर्यंत त्याच्या मुलाचा वाढदिवस, गाडीचं खरचटलेलं दार आणि सासऱ्यांच्या पायाची सूज एवढं सगळं झाडवाल्यांना बघावं लागे. शेवटी वाकडा डोंगर निघायचा. "छान आहे," झाडवाले म्हणायचे. दुसरा कुणी असता तर मोबाइल त्याच्याच खिशात कोंबून दार दाखवलं असतं. झाडवाल्यांच्या अंगात ते नव्हतं. लोक त्यालाच भोळेपणा समजत. खरं तर तो चिवटपणा होता, आणि चिवट माणूस ओळखायला वेळ लागतो.

त्यांचं काम बघितलं असतं तर कळलं असतं. माळावरच्या एका एकट्या झाडासाठी ते हिवाळ्यामागून हिवाळे जात राहिले. धुकं झाडाच्या मागे उभं राहायला हवं होतं. पुढे आलं तर नको होतं. धुक्याला हे कोण सांगणार. ते जायचे, कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवायचे, बसायचे, आणि धुकं चुकीच्या बाजूला आलं की एकही फोटो न काढता परत यायचे. शेवटी एका सकाळी धुकं शहाण्यासारखं मागे जाऊन उभं राहिलं. त्या फोटोसमोर मी मी म्हणणारी बडबडी माणसं गप्प झालेली लोकांनी पाहिली आहेत. पानापानाची कड दिसते त्यात. छपाईसुद्धा ते घरीच करत. सावलीतला हिरवा जरा काळवंडला की कागद बाजूला, पुन्हा पहिल्यापासून. बायको त्या बाद कागदांवर सामानाची यादी लिहायची. अशा याद्या जगात कुणी बनवल्या नसतील.

मात्र ह्या चोखंदळपणाचं एक वाक्य होतं आणि त्या वाक्याने नात्यातली निम्मी माणसं दुखावली होती. ते वाक्य म्हणजे, "उजेड बरा नाही." मेहुण्याच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी नवरानवरीला बागेत उभं केलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, उजेड बरा नाही. उजेड बरा होईपर्यंत नवरीला चक्कर आली. मेहुणा अजून त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही, आणि हवेचा विषयही जपूनच काढतो.

तर अशा माणसाकडे दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. दवाखाना त्याच गल्लीत होता. बाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत माणूस आडवा होतो, आ करतो आणि वर बघतो. वर काय आहे? पंखा, आणि ओल येऊन पडलेला एक डाग. तो डाग बघून लोकांना आपलं मरण दिसतं. मला छतावर एक झाड लावून द्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

छताएवढा फोटो. झाडवाल्यांना एवढं मोठं काम कुणी कधी दिलं नव्हतं. आणि कुठलं झाड द्यायचं हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. गल्लीच्या तोंडाशी विलायती शिरीष उभा होता. आडवा पसारा असा की अर्ध्या गल्लीवर त्याचीच छत्री. संध्याकाळी पानं मिटून घ्यायचा, सकाळी उघडायचा, आणि पानं उघडत असताना उन्हाची पहिली तिरीप आत शिरली की सगळं झाड आतून दिवा लावल्यासारखं दिसायचं. हे दर्शन थोडाच वेळ टिके. आख्खं झाड एका नजरेत मावेल अशी गल्लीत एकच जागा होती, ती म्हणजे झाडवाल्यांच्या घराची गॅलरी. तिथं तिकाटणं आणि बायकोची कपडे वाळवायची दोरी ह्यांचं जुनं वैर होतं.

झाडवाले वर्षानुवर्षं त्या गॅलरीतून झाड पाहत आले होते, पण फोटो एकही काढला नव्हता. कारण झाडाखाली मोटारी. सगळ्यात पुढे हेडसरांची पांढरी, ताडपत्री पांघरलेली, आजारी बैलासारखी. हेडसर म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. बुंध्यापाशी ताडपत्री असलेला फोटो झाडवाल्यांनी काढला नसता, जीव गेला तरी.

"अहो, मग उद्यान खात्याला फोन करा की," बायको म्हणाली. "एक सकाळ रस्ता मोकळा करून मागा. मागायला काय जातंय?"

सल्ला बिनतोड होता. झाडवाल्यांनी फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक विलायती शिरीष आहे," झाडवाले म्हणाले. "मला ते झाड काढायचंय."

"जुनं आहे का?"

"खूप जुनं. म्हणून तर घाई करतोय."

"पूर्ण काढायचंय का नुसत्या फांद्या?"

झाडवाल्यांना भरून आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कामाचा प्रश्न विचारला होता. "पूर्ण," ते म्हणाले. "बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. अर्धवट काढण्यात अर्थ नाही."

"ते बरोबर. अर्धवट काढलं की परत तक्रारी येतात. खाली गाड्या लागतात का?"

"तीच तर अडचण आहे. एक सकाळ रस्ता मोकळा करून दिलात तर एका दमात काढून होईल."

"माणसं तुमची आहेत का आमची पाठवू?"

"माणसं कशाला? मी एकटा पुरेसा आहे."

बाईंना खरं वाटेना. "एकटे?"

"कायम एकटाच काढतो. आजवर शेकड्यांनी काढली असतील. पहाटे जायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, काढायचं आणि निघायचं."

आता बाईंचा आवाज एकदम खाली आला. "हे पाहा, हे शेवटचं मी ऐकलं नाही असं समजते. इथून पुढे असं करत जाऊ नका. खात्याचीच माणसं येतील, सगळं नियमात होईल."

"फार उपकार झाले," झाडवाले म्हणाले आणि फोन ठेवून बायकोला म्हणाले, "उगाच नावं ठेवतात लोक. किती आपुलकीने बोलल्या."

काही दिवसांनी एक माणूस डबा-कुंचला घेऊन आला आणि त्याने शिरीषाच्या बुंध्यावर भलीमोठी लाल फुली मारली.

झाडवाले गॅलरीतून बघत होते. त्यांना वाटलं, फोटोसाठी जागा आखून दिली असेल. पण फुली झाडावर कशाला, ही पुसायला किती वेळ लागेल, असा विचार करत ते खाली उतरले, तर हेडसर दारातच हात पुढे करून उभे.

"मानलं तुम्हाला," हेडसर म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून मी अर्ज करतोय. चिकट शेंगा पडतात, गाडीचा रंग जातो, पाखरं घाण करतात. सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना क्रमांक घालून. उत्तर म्हणून नाही. आणि तुम्ही एका फोनवर झाड काढायला लावलंत."

"काढायला म्हणजे?"

"मुळासकट. आत्ता त्या रंगवाल्यानेच सांगितलं. वरून काय पण आव आणता हो झाडांच्या प्रेमाचा. मुरलेले आहात."

झाडवाल्यांना आधी कळेना, मग कळलं, आणि कळल्यावर ते हेडसरांना तिथंच सोडून फुलीकडे धावले.

सगळा घोटाळा एका शब्दाचा होता. आपल्या भाषेत माणूस दिवस काढतो, कर्ज काढतो, काटा काढतो, कुरापत काढतो, सासरची उणीदुणी काढतो, झोपही काढतो. साऱ्या संसाराचं ओझं ह्या एका क्रियापदाच्या पाठीवर. झाडवाल्यांच्या घरात तर झाड काढणं म्हणजे फोटो काढणं हे इतकं मुरलेलं होतं की 'फोटो' हा शब्द बोलायची गरजच उरली नव्हती. फोनवरच्या बाईंच्या घरात तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नाही. ज्याला कुणी कधी ढुंकून विचारलं नाही त्याला लोक थांबवून हात मिळवू लागले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता तिथं प्लास्टिकची हिरवळ टाकून घ्या. झाडायला नको आणि दिसतेही हिरवी." विमा एजंटाने मोकळ्या होणाऱ्या जागेवर आपल्या दुसऱ्या गाडीचा हक्क सांगितला. हेडसर म्हणाले, ती जागा ज्येष्ठतेने माझी. झाड अजून पानं हलवत उभं होतं आणि खाली त्याच्या जागेची वाटणी चालली होती. मेल्याच्या उशाशी भांडणारी माणसं निदान तो मरेपर्यंत तरी थांबतात.

झाडवाले उद्यान खात्यात गेले. साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकचं रोप होतं आणि त्याच्या पानांवर धूळ होती.

"तुम्हीच फोन केला होता," साहेब म्हणाले. "झाड काढायचंय."

"फोटो काढायचाय, साहेब."

"इथं फोटो असा शब्द नोंदलेला नाही."

"तो मी बोललो नाही. धरून चाललो."

"आम्ही काही धरून चालत नाही. बरं, मग आता काय?"

"काढू नका."

"तुम्ही काढा म्हणालात."

"मी काढतो म्हणालो."

"तुम्हाला काढता येणार नाही. खातंच काढतं." साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. "हे बघा, हुकूम निघाला की ठेकेदाराकडे जातो. मागे घ्यायची तरतूद नाही. कुणी कधी मागे घे म्हणालंच नाही तर तरतूद कशी असणार?"

"झाड ठणठणीत आहे हो."

"असेल. आमच्याकडे ठणठणीत झाडाबद्दल काहीच म्हटलेलं नाही."

झाडवाले उठले. ते दारापर्यंत गेले तेव्हा साहेबांना त्यांची दया आली असावी. "तसं थांबत नाही काही," ते म्हणाले. "फक्त काढायच्या आधीचा फोटो फायलीत लागतो. आख्खं झाड, बुंधा ते शेंडा, एकाच फोटोत. मागे एका ठेकेदाराने अर्ध्या झाडाचा फोटो लावला आणि भलतंच झाड पाडलं. तेव्हापासून नियम कडक आहे. फोटोशिवाय करवत लावली तर ठेका जातो. पण फोटोला असा कितीसा वेळ लागतो?"

झाडवाले दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडले.

ठरलेल्या सकाळी गल्लीत कधी न घडलेलं घडलं. एकही मोटार झाडाखाली नव्हती. लोकांनी हौसेने आपापल्या गाड्या हलवल्या होत्या. हेडसरांनी तर ताडपत्रीची घडीसुद्धा केली होती. रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ. ठेकेदार करवती, दोर आणि माणसं घेऊन आला होता. एक गाल सुजलेला, त्यावर हात. दाताने त्याला रात्रभर झोपू दिलं नव्हतं, त्यामुळे कमीत कमी शब्दांत काम उरकायचा त्याचा बेत होता.

त्याने मोबाइल काढला आणि मागे सरत गेला. पाठ भिंतीला लागली. फोटोत अर्धं झाड. आडवा धरला, बुंधा आला, शेंडा गेला. उभा धरला; शेंडा आला, पसारा गेला. हेडसरांनी "द्या इकडे" म्हणून आपल्या हाताने काढला, त्यात झाडापेक्षा हेडसरांचा अंगठा मोठा आला.

"इथनं मावत नाही," ठेकेदार म्हणाला. "कुठनं मावेल?"

सगळ्यांनी एकदम वर झाडवाल्यांच्या गॅलरीकडे बोट दाखवलं.

गॅलरीत तिकाटण्यावर मोठा कॅमेरा आधीच चढवलेला होता आणि मागे झाडवाले उभे होते. ठेकेदाराने खालून विचारलं, "झाडवाले, तेवढा आधीचा एक फोटो द्या ना काढून. तुमच्याइतका चांगला कोण काढणार?"

"देतो की," झाडवाले म्हणाले.

आणि त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं.

शिरीष उठत होता. पानं नुकती उघडायला लागली होती. उन्हाची तिरीप दोन इमारतींमधून आली आणि झाडाच्या पोटात शिरली, आणि खालून वर, फांदीफांदीने, आतला दिवा लागत गेला. बुंध्यापाशी ताडपत्री नव्हती, मोटार नव्हती, माणूस नव्हता. फुलीसुद्धा सावलीत बुडून दिसेनाशी झाली होती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ते गॅलरीत उभे राहिले होते ते सगळंच्या सगळं आज चौकटीत येऊन थांबलं होतं. हा उजेड पुन्हा येईल न येईल. एक बोट दाबायचा अवकाश, की छपाईत काळवंडणार नाही असा हिरवा हातात आला असता.

बोट बटणावर होतं. खाली सगळी गल्ली मान वर करून उभी होती.

झाडवाल्यांनी बोट काढलं.

"उजेड बरा नाही," ते म्हणाले.

"अहो, लख्ख ऊन पडलंय," हेडसर ओरडले.

"लख्ख म्हणजे बरा नव्हे. तुम्ही व्याकरण शिकवलंत, सर, उजेडाचं मला कळतं."

ठेकेदार गाल धरून म्हणाला, "कसापण काढा हो. फायलीत लावायचाय, भिंतीवर नाही."

"माझ्या हातून कसापण निघत नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

हे मात्र खरं होतं, आणि गल्लीला नाही म्हणता येईना. ज्या खोडीला त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती तीच आज त्यांच्यासमोर छाती काढून उभी होती. हेडसरांनी शेवटचा डाव टाकला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. का मीच वर येऊन काढू तिथनं?"

बायको ओल्या चादरींची बादली घेऊन गॅलरीत आली होती. तिने झाडाकडे पाहिलं. ती काही छपाईतली नव्हती, पण इतक्या वर्षांच्या संसारात उजेड कशाला म्हणतात ते तिलाही कळू लागलं होतं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "नाहीच आहे बरा. आणि आज माझ्या चादरी वाळायच्यात." तिने तिकाटणं बाजूला सारलं आणि दोरीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी पसरल्या. त्या दोरीबद्दल झाडवाले पुन्हा कधी चकार शब्द बोलले नाहीत.

ठेकेदार दुसऱ्या सकाळी आला, ढग होते. पुढच्या आठवड्यात आला, ऊन फार होतं. मग वाऱ्याने पानं हलत होती. मग चादरी. मग तो दुसऱ्या कामावर गेला आणि अधूनमधून नुसता फोन करू लागला, "काय म्हणतोय उजेड?" झाडवाले इमानेइतबारे सांगत, "कालच्यापेक्षा जरा सुधारलाय, पण बरा म्हणता येणार नाही." मोटारी परत झाडाखाली आल्या. हेडसरांनी नवा अर्ज केला, त्याला प्रथमच उत्तर आलं: सदर झाडाचे काम चालू असल्याने नवीन अर्ज घेता येत नाही.

सगळं खरं, पण छत रिकामं राहिलं. झाडवाले डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, ते झाड मला काढता येणार नाही. ज्या दिवशी आख्खं काढीन त्या दिवशी ते जाईल. दुसरं कुठलंही सांगा."

"मला हेच पाहिजे," बाई म्हणाल्या. "आणि आख्खं कुणाला हवंय? माझा माणूस पाठीवर पडलेला असतो. पाठीवर पडलेल्याला झाड कसं दिसतं तसं द्या."

झाडवाल्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. इतकी वर्षं ते झाडाला आदराने लांबून पाहत आले होते. खाली जाऊन पडावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ते हेडसरांची गाडी आणि विमा एजंटाची गाडी ह्यांच्या मधल्या फटीत, डांबरावर उताणे झोपले. कॅमेरा छातीवर. हेडसर धावत आले. "चक्कर आली का?"

"जरा बाजूला व्हा सर, सावली पडतेय."

तेवढ्यात नेमका ठेकेदार तिथून चालला होता. "निघाला का फोटो?" त्याने आशेने विचारलं.

"निघाला," झाडवाले म्हणाले आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवला. फांद्या, फांद्यांवर फांद्या, उघडणारी पानं, आणि पानांच्या फटींतून सांडणारं आकाश.

ठेकेदार बराच वेळ बघत राहिला. "ह्यात बुंधा कुठाय? मूळ कुठाय? हे नाही चालायचं."

"नाही ना?" झाडवाले अंगाची धूळ झटकत म्हणाले. "मलापण तेच वाटलं."

आज तो फोटो दवाखान्याच्या छतावर आहे. जाऊन पडून पाहावा. दात दुखत नसला तरी पाहावा. पंखा काढून टाकला तरी खाली वारा येतो असं लोक सांगतात. बायको पहिल्यांदा त्या खुर्चीत आडवी झाली तेव्हा कितीतरी वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, "तुम्ही काढलेले सगळे फोटो मी पाहिलेत. पण तो त्या सकाळी काढला नाहीत ना, तो सगळ्यांत चांगला."

ठेकेदाराने मात्र दाताचं दुखणं अंगावर काढलं. शेवटी गाल डोळ्यापर्यंत चढला तेव्हा त्याला खुर्चीत येऊन पडावंच लागलं. आ करून तो वर बघत राहिला. बाईंनी आरशाने आत पाहिलं आणि म्हणाल्या, "काढावा लागेल बहुतेक. पण आधी फोटो काढू. फोटोशिवाय मी काही काढत नाही."

तोंडात आरसा असल्यामुळे ठेकेदाराला लगेच बोलता आलं नाही. वर शिरीष पानं उघडत होता. बाईंनी आरसा बाहेर घेतला तेव्हा तो डोळे वरच ठेवून म्हणाला, "बाई, मुळासकटच काढायला पाहिजे का? ठेवता येत असला तर ठेवा की."

"फोटो काढल्यावर कळेल."

"मग राहू दे आज," ठेकेदार गाल सावरत म्हणाला. "उजेड बरा नाही."